व्याह्यांचं नाव

सिल्वासाहून परत आल्यापासून आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत सगळे मला एकच विचारतात, "बाई, काय काय पाहिलंत?" विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना सिल्वासा कुठे आहे हे ठाऊक नाही. मी भूगोल शिकवते, तेव्हा सांगणं आलं. महाराष्ट्र आणि गुजरात यांच्या बेचक्यात अडकलेला, दोघांपैकी कुणाचाच नसलेला हा एक केंद्रशासित तुकडा आहे. पोर्तुगीज तिथून गेले त्याला आता पस्तीस-छत्तीस वर्षं झाली. वापीला उतरायचं आणि रिक्षा करायची. सागाची जंगलं आहेत, दमणगंगा नदी आहे, वारल्यांचे पाडे आहेत आणि अलीकडे कारखानेच कारखाने झाले आहेत. हे सगळं मी पाहिलं, पण येता-जाता. चार दिवस मी खरं पाहिलं ते एका सद्गृहस्थांचं नाव, आणि त्या नावापायी माझ्याच माणसांनी मला असं काही पिडलं की ते लिहून काढल्याशिवाय डोकं शांत होणार नाही.

माझा धाकटा भाऊ विनायक तिथल्या सरकारी कचेरीत नोकरीला आहे. त्याची मुलगी मेधा तिथल्याच मराठी शाळेत शिकवते. गलोंड्याच्या एका सूतगिरणीत सुपरवायझर असलेल्या हितेश पटेल नावाच्या मुलाशी तिनं आपलं आपण लग्न ठरवलं. आम्ही काणे, म्हणजे कोकणातले, म्हणजे काय ते समजून घ्या. जातीबाहेरचं लग्न म्हणून दोन महिने घरात सुतक पाळल्यासारखं वातावरण होतं. पण मुलगा शिकलेला, शांत, निर्व्यसनी. सिल्वासासारख्या गावात, जिथे दारूची दुकानं वाण्याच्या दुकानांहून जास्त आहेत, तिथे निर्व्यसनी असणं ही मोठी गोष्ट. शेवटी सगळ्यांनी जात गिळली. रविवारचा साखरपुडा ठरला.

आणि मग विनायकाचा फोन आला. आमच्याकडे फोन नाही, शेजारच्या वैद्यांकडे येतो. त्यांच्या दिवाणखान्यात चारजण कान देऊन बसलेले असतात.

"अक्का, एक घोळ झालाय," विनायक म्हणाला. "मुलाच्या वडिलांचं नाव आज कळलं."

"मग?"

"ते फोनवर सांगण्यासारखं नाही. तू ये. धोंडूकाकांनाही घेऊन ये."

धोंडूकाका म्हणजे आमचे चुलते. वडील लवकर गेल्यावर त्यांनीच विनायकाला आणि मला वाढवलं, शिकवलं. त्यांचा शब्द आमच्या घरात अखेरचा. वय शहात्तर, दात स्वतःचे, आणि मतं तर फारच स्वतःची. विनायक त्यांना न विचारता साधं कपाटही हलवत नाही.

वापी

वापीला आधी वास उतरून घेतो, मग माणूस उतरतो. रसायनांच्या कारखान्यांचा तो वास नाकात गेला तसे काका म्हणाले, इथे माणसं राहतात कशी. विनायक स्वेटर घालून रिक्षा घेऊन उभा होता. मागे आम्ही तिघं दाटीवाटीनं बसलो, काका मधे.

वाटेत एका टपरीवर मडकी उलटी पुरून वर पाला-गोवऱ्या पेटवल्या होत्या. त्याला उंबाडियुं म्हणतात. पापडी, कंद, रताळी मसाला लावून मडक्यात भरायची, झाडपाल्यानं तोंड बंद करायचं आणि मडकं उलटं ठेवून भाजायचं. आपल्याकडच्या पोपटीचीच गुजराती बहीण. मी म्हटलं, थांबू या. विनायक म्हणाला, आधी ऐका, मग खायची इच्छा राहिली तर बघू. मग तो रिक्षाच्या बाहेर बघत म्हणाला, "गांडाभाई."

काका म्हणाले, "काय?"

"मुलाच्या वडिलांचं नाव. गांडाभाई पटेल."

लिहिलं एकदाचं. चार दिवस आमच्या घरात हे नाव कुणी धड उच्चारलं नाही. विनायक "ते" म्हणायचा, भावजय शैला "त्यांचे ते" म्हणायची आणि काका नुसता हात हवेत उडवायचे. इतके दिवस हितेशच्या नावापुढचं "जी" हे इंग्रजी आद्याक्षर पाहून सगळ्यांनी गोविंदभाई गृहीत धरलं होतं. मेधा त्यांना पप्पा म्हणायची. साखरपुड्यासाठी तीन पिढ्यांची नावं मागितली तेव्हा हे उघडकीला आलं.

विनायकानं घाईघाईनं खुलासा केला की गुजरातीत गांडो म्हणजे वेडा, दुसरं काही नाही. काका म्हणाले, "म्हणजे वेडा. मग उत्तम झालं."

रिक्षावाला इतका वेळ गप्प होता. तो धुळ्याकडून कामासाठी आलेला निघाला. मान न वळवता म्हणाला, "बाबा, मना पहिला शेठनं नाव बी हाईच व्हतं. सुरवातले मालेबी हसू ये. आते काहीच वाटस नही. तुमले बी सवय व्हई जाई."

"आम्हाला सवय करून घ्यायची नाही," काका म्हणाले. उंबाडियुं राहिलं ते राहिलंच. परत येतानाही मिळालं नाही, याचं दुःख मला अजून आहे.

डोकमर्डी

विनायकाचं घर डोकमर्डीला, नव्या वसाहतीत. शैलानं दारातच माझ्या गळ्यात पडून रडायला सुरुवात केली. मला वाटलं लग्न मोडलं. तसं नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे साखरपुड्याचा प्रसंग होता.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे साखरपुड्याला वाङ्निश्चय करतात. गुरुजी मुलाच्या पणजोबांचं, आजोबांचं आणि वडिलांचं नाव घेऊन "यांचे प्रपौत्र, यांचे पौत्र, यांचे पुत्र" असं खड्या आवाजात म्हणतात. एकदा नाही, तीनदा. मुलीकडचा वडीलधारा माणूस गुरुजींना ही नावं सांगतो. म्हणजे विनायकाच्या कचेरीतली सगळी मराठी मंडळी, शैलाच्या ठाण्याच्या बहिणी आणि मेधाच्या शाळेतल्या बाया, एवढ्यांसमोर ते नाव संस्कृतचा प्रत्यय लावून तीनदा दुमदुमणार. मला हसू आलं. शैलानं माझ्याकडे असं पाहिलं की मी पाणी प्यायला आत गेले.

मेधा आत चाचणीचे पेपर तपासत बसली होती. तिला म्हटलं, तुला काही वाटतं का? ती म्हणाली, "आत्या, माझ्या वर्गात वारली मुलं आहेत, वारांवरून नावं ठेवलेली. सोमी, मंगळ्या, शुक्र्या. खानदेशी मुलं त्यांना हसतात, गुजराती मुलं खानदेशींच्या आडनावांना हसतात. मी नियम केलाय. जो हसेल त्यानं उभं राहून स्वतःच्या नावाची गोष्ट सांगायची. आता कुणी हसत नाही, कारण गोष्ट कुणालाच येत नाही."

हा नियम मी आमच्या शाळेत लावणार आहे. त्या दिवशी तो आमच्या घरात लावायला हवा होता.

संध्याकाळी खलबत बसलं. शैला म्हणाली, गजाननभाई म्हणू या. विनायक म्हणाला, नुसतं "गां" म्हणून गुरुजींना खोकायला सांगू. काका डोळे मिटून बसले होते. आम्हाला वाटलं झोप लागली. मग एकदम डोळे उघडून म्हणाले, "गांडीवधर."

आम्ही तिघांनीही त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"गांडीव म्हणजे अर्जुनाचं धनुष्य. ते धारण करणारा तो गांडीवधर. नाव तेच राहतं, नुसतं शुद्ध होतं. त्यांचाही मान राहतो आणि आपलाही."

खरं सांगते, त्या क्षणी मला काकांचं कौतुक वाटलं. अशी युक्ती आमच्याच घरात सुचू शकते. शैलानं डोळे पुसले आणि शिरा करायला घेतला. मेधा आतून म्हणाली की नाव मला लावायचं नाही, तुम्हाला हाक मारायची नाही, मग त्रास नक्की कुणाला आहे? शैलानं रवा आणखी जोरात परतायला घेतला.

पटेलांच्या घरी

दुसऱ्या दिवशी काका, विनायक आणि मी पटेलांकडे गेलो. त्यांचं खिळे-मोळे, पत्रे, नळांचं दुकान खाली आणि घर वर. दुकानावर हातभर उंचीच्या गुजराती अक्षरांत पाटी, आणि पाटीवर तेच नाव. आम्ही ज्या नावाला चार भिंतींत खोकून लपवत होतो ते तिथे रंगवून, वर दोन दिवे लावून टांगलं होतं. काकांनी पाटीखालून जाताना मान खाली घातली.

गांडाभाई साठीचे, गोल चेहऱ्याचे, अतिशय हसरे. दाराशी येऊन काकांच्या पाया पडले. जेवायला बसवलं. डाळ गोड, कढी गोड, भाजीतही गूळ. आम्हीही आमटीत गूळ घालतो, पण तो घातल्याचं डाळीला कळू देत नाही. काका दुसऱ्या घासाला थांबले, तर हितेशच्या आईनं, सविताबेननी, त्यांना आवडली असं समजून आणखी दोन वाट्या वाढल्या. पाहुण्याचं पान रिकामं दिसता कामा नये, ही तिकडची रीत. काकांची पान स्वच्छ करण्याची शिस्त, त्यांची पान भरण्याची शिस्त. बराच वेळ हे चाललं.

झोपाळ्यावर गांडाभाईंची आई बसली होती. सगळे तिला बा म्हणतात. ऐंशी कधीच ओलांडलेली, पांढरं लुगडं, हातात जपमाळ. ती बोलत नव्हती, फक्त आमच्याकडे बघत होती.

जेवणानंतर सविताबेन जरा मोकळ्या झाल्या आणि पदरात हसत म्हणाल्या की तुमचं आडनाव ऐकून आम्हीही हबकलो होतो. गुजरातीत काण म्हणजे मेलेल्या माणसासाठी जमून रडणं. "काणे आव्या" म्हटलं की लोक समजतात, दुखवट्याला आले. मेधा पहिल्यांदा घरी आली तेव्हा शेजारणीनं विचारलं, कोण आलंय? सविताबेननी आडनाव सांगितलं, तर ती बिचारी पांढरी साडी नेसून हजर. शुभकार्यात हे नाव दारावर कसं लिहायचं म्हणून बा आठ दिवस जेवली नव्हती.

मी पोट धरून हसले. काका ताठ झाले. "काणे हे फार जुनं घराणं आहे," ते म्हणाले. त्यांना मेलेल्याच्या रडण्यात आणि आपल्या घराण्यात काडीचा संबंध दिसत नव्हता. तोच न्याय समोरच्याला लावावा, हे मात्र सुचलं नाही. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून.

मग काकांनी गांडीवधर काढलं. मोडक्या हिंदीत अर्जुन, धनुष्य, शुद्ध नाव, मान, सगळं समजावलं. मी खाली सतरंजीकडे बघत होते. गांडाभाईंना राग येईल असं मला वाटलं. ते मनापासून खूश झाले. "अर्जुनवाळुं नाम? मने शुं वांधो? जे बोलवुं होय ते बोलो." विनायकानं सुस्कारा सोडला. सविताबेन चहा ठेवायला उठल्या.

तेवढ्यात झोपाळा थांबला.

"ना," बा म्हणाली. "ए नाम नहीं बदलाय."

गांडाभाई तिला समजावायला लागले, तर तिनं त्यांना हातानं गप्प केलं आणि माझ्याकडे, म्हणजे तिथे बसलेल्या एकट्या बाईमाणसाकडे वळून सांगायला सुरुवात केली. मला गुजराती बेताचं कळतं, पण ती असं सावकाश बोलत होती की एक शब्द निसटला नाही. हा मुलगा होण्याआधी तिची पाच गेली. कुणी सव्वा महिन्याचं, कुणी नुकतं पाऊल टाकू लागलेलं. सगळ्यांना देवांची नावं ठेवली होती, चांगलीचुंगली. सहावा झाला तेव्हा तिनं त्याला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवला. शेजारणीनं उचलून आणला आणि मूठभर ज्वारीला हिला परत विकला. नाव ठेवलं गांडो. वेड्याला कोण नेईल? नेणारा दाराशी आला, नाव ऐकलं आणि परत गेला. साठ वर्षं तो असा परत जातोय. साठ वर्षांत तिनं त्याला कधी चांगला म्हटलं नाही, त्याच्या जेवणाचं कौतुक केलं नाही, नव्या कपड्यांकडे बघून मान वळवली.

"हवे तमे एने अर्जुन बनावो," ती म्हणाली. "पछी एने कोण साचवशे?" मग त्याला सांभाळणार कोण?

गांडाभाई खाली बघत होते.  आता तरी विषय संपेल असं मला वाटलं. पण काका उठले, नमस्कार केला आणि म्हणाले, "आम्ही विचार करून कळवतो."

लग्नाच्या बोलण्यात "कळवतो" म्हणजे काय, हे गुजरातीतही कळतं. हितेशचा चेहरा उतरला. सविताबेनचा चहा तसाच राहिला. जिन्यावरून उतरताना मी काकांना म्हटलं की तुम्ही हे काय केलंत? ते म्हणाले, मंत्रात ते नाव मी सांगणार नाही. सांगायचंच असेल तर दुसरा वडीलधारा शोधा.

खानवेल

विनायकानं आम्हा दोघांना शनिवारी खानवेलला पाठवलं. घरात तयारी चालली होती आणि काका खुर्चीत बसून सगळ्यांचा जीव खात होते. बस सकाळची. दोन्हीकडे साग, जानेवारीत पानं वाळून खडखडणारी. मधेच पाडे, शेणानं सारवलेली कुडाची घरं, अंगणात भाताच्या पेंढ्याची उडवी. खानवेलला नदीकाठी बसलो. पाणी कमी पण नितळ होतं. पर्यटक म्हणून मला विचाराल तर तेवढी एक जागा मी खुशाल शिफारस करीन.

मी मात्र तिथेही पर्यटक नव्हते. मी काकांना म्हटलं, "तुमचं नाव धोंडू का ठेवलं?"

"ते वेगळं."

"वेगळं कसं?"

"धोंडा म्हणजे दगड. देवही दगडाचाच असतो."

मी कपाळावर हात मारला. या माणसाला प्रत्येक गोष्टीत शास्त्र सापडतं, फक्त समोरच्याचं दुःख सापडत नाही, असं मी त्यांना तोंडावर म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना असं बोलले. त्यांनी पायाजवळचा एक गोटा उचलून पाण्यात टाकला. मग म्हणाले की शाळेत मास्तर मला वर्गाबाहेर उभा करून म्हणायचे, हा धोंडा इथे दाराला लावा. सगळा वर्ग हसायचा. कचेरीत लागलो तरी तेच. "मी हसणं सोसलंय. त्या पोरीच्या वाट्याला ते नको. उद्या हॉलमध्ये हसतील आणि जन्मभर आठवण काढून हसतील."

 माझा राग तिथेच निम्मा झाला आणि उरलेला निम्मा सुचेना कुठे ठेवावा ते. माणूस चुकत असला तरी प्रेमानं चुकत असेल, तर त्याच्याशी भांडायचं कसं? त्या विचारात परतीची बस चुकली. पुढची बस संध्याकाळी होती. शेवटी बांबू भरलेल्या एका टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून आलो. काकांच्या धोतराला ग्रीस लागलं. त्याचंही खापर त्यांनी पटेलांवर फोडलं.

रात्री जेवताना विनायक म्हणाला की काका बसणार नसतील तर साखरपुडा पुढे ढकलावा लागेल. मी त्याला म्हटलं, तू बाप आहेस, तू बस. तो म्हणाला, काकांना डावलून मी हे करू शकत नाही, अक्का. आणि तिकडून निरोप आला होता की नाव बदललं तर बा आपल्या मुलाला उठवून घरी नेणार. मेधानं ताटातला भात संपवला, हात धुतला आणि पुन्हा पेपर घेऊन बसली. पण पेन उघडलं नाही. मी तिच्याजवळ जाऊन बसले. 

रविवार

वसाहतीच्या हॉलमध्ये पाट मांडले होते. गुरुजी वापीहून आले होते, मूळचे राजापूरचे. लोक येत होते. शैलाच्या ठाण्याच्या बहिणींना शैलानंच नाव सांगून ठेवलं होतं, का ते देव जाणे. त्या पुढच्या रांगेत पदर तोंडाला लावून आधीपासूनच तयारीत बसल्या होत्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पटेल मंडळी आली. बा मधल्या खुर्चीत बसली. काका आले खरे, पण पाटावर बसेनात. गुरुजी घड्याळ बघायला लागले. तेव्हा काका सरळ बासमोर जाऊन उभे राहिले. त्यांना अजून वाटत होतं की नीट समजावलं तर तिला पटेल.

"माताजी," त्यांनी सुरुवात केली आणि पुन्हा अर्जुन, पुन्हा धनुष्य. बानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, तमारुं नाम शुं?

"धोंडो केशव काणे."

बानं सविताबेनकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. धोंडो म्हणजे काय ते त्यांना हवं होतं. मी म्हटलं, "पथरो."

बा काकांकडे बघत राहिली. तिचा चेहरा बदलला. आतापर्यंत ती आमच्याकडे परक्यासारखी बघत होती, तसं ते बघणं नव्हतं. तिनं जपमाळ मांडीत ठेवली आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं,

"तमारी पहेलां केटलां गयां?" तुमच्या आधी किती गेली?

शहात्तर वर्षांत आमच्या घरात कुणी काकांना हे विचारलं नव्हतं. मीही नाही. खानवेलला मी नावाचं कारण विचारलं होतं, तेसुद्धा वाद जिंकायला.  काका म्हणाले, "चार."

"मा कदी सारो के'ती?" आई कधी चांगला म्हणायची का?

काकांनी नकारार्थी मान हलवली. "नाही," ते मराठीत म्हणाले. "कधीच नाही. मला वाटायचं, मी तिला आवडत नाही."

बानं त्यांचं मनगट धरलं आणि हसली. माझ्या काकांचं मनगट कुणी असं धरलेलं मी पाहिलेलं नाही. "गांडो छे तुं पण," ती म्हणाली. तू पण वेडाच आहेस.

 काका पाटावर जाऊन बसले आणि गुरुजींनी नावं विचारली तेव्हा एकेक करून सांगितली. पणजोबांचं, आजोबांचं, आणि मग, अजिबात न खोकता, "गांडाभाई." गुरुजी दचकले. त्यांनी हळूच विचारलं की दुसरं काही म्हणू का? काका म्हणाले, "दुसरं नाही."

गुरुजींनी पहिल्यांदा म्हटलं आणि पुढच्या रांगेतून फिस्कन हसू आलं. ते मागे पसरत गेलं. कचेरीतली माणसं, शाळेतल्या बाया, सगळे. शैला लालबुंद झाली. गांडाभाई बिचारे भाबडेपणानं सगळ्यांबरोबर हसत होते. मला त्या बायकांच्या पाठीत धपाटे घालावेसे वाटले. बाला काय वाटत असेल म्हणून मी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले आणि चुकतमाकत म्हटलं की माफ करा, आमच्या लोकांना समजत नाही.

बा समाधानानं मान डोलावत होती.

"हसवा दो," ती म्हणाली. "हसे छे एटले तो जीवे छे." लोक हसतात म्हणून तर तो जगलाय.

काकांनी ते ऐकलं. दुसऱ्यांदा म्हणण्यासाठी गुरुजींनी तोंड उघडलं, तर काकांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून थांबवलं.

"मोठ्यानं म्हणा गुरुजी," ते म्हणाले. "मागच्या लोकांना ऐकू गेलं नाही."